एक पुस्तक जास्त

प्रिय छोट्या,

रागावू नकोस, मी अजून तुला छोट्याच म्हणते. तुझ्या कानशिलांवरचे केस पिकले असं तुझ्या त्या शाळेतल्या मित्राने सांगितलं. पत्ताही त्यानेच दिला, आणि वर 'मी दिला म्हणून सांगू नका' असंही म्हणाला, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की तर नाहीच. म्हणून पत्र. फोन कापायला एक बोट पुरतं, पत्र निदान फाडावं तरी लागतं, आणि फाडण्याआधी माणूस चार ओळी वाचतोच. तेवढ्या वाचल्यास असं धरून पुढचं लिहिते.

आधी बातमी. मी कॉलेजात जाते. हस खुशाल. या वयात, गुडघे कुरकुरत असताना, विद्यापीठाच्या ग्रंथालय तंत्रज्ञानाच्या पदवीला बसले आहे. वाचनालयात मी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसते हे तुला माहीत आहे. ते टेबलच आता जाणार. त्या जागी यंत्र येतंय. वाचक आपलं पुस्तक आपणच त्यावर ठेवणार आणि घेऊन जाणार. यंत्र आणि त्याच्यामागची सगळी व्यवस्था सांभाळायला एकच माणूस ठेवणार, आणि तो पदवीवालाच हवा असं वरून आलंय. आमच्या ग्रंथपालबाई भल्या आहेत. त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, ती जागा मी तुमच्यासाठी अडवून धरते, पण तुम्ही पदवी घेऊन या. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. नोंदणीची मुदत या सत्राबरोबर संपते. आत्ता पास झाले तर झाले, नाहीतर नाव कमी होतं आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. तेवढा दम आता माझ्यात नाही छोट्या.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली, नवीन मॅडम आल्या असं वाटून. मी गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस. आता सगळी मावशी म्हणतात आणि माझ्या डब्यात हात घालतात. तालिका शिकवणारे एक सर आहेत, त्यांचं नाव पोरांनी पूर्णविराम सर ठेवलंय. पुस्तकाची नोंद करताना कुठे टिंब, कुठे तिरकी रेघ, कुठे मोकळी जागा, यावर तो माणूस तास तास बोलतो आणि एक टिंब चुकलं की गुण कापतो. मी पहिल्या चाचणीत सपाटून मार खाल्ला. पण मग गोडी लागली. भाजी चिरताना, भांडी घासताना माझ्या डोक्यात नोंदीच चालायच्या. मला अभ्यास आवडतो, छोट्या. मी बारावीनंतर शिक्षण सोडलं तेव्हा मला वाटलं होतं आपल्याला डोकंच नाही. डोकं होतं, फक्त त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं. ही गोष्ट मला कुणाला तरी सांगायची होती, आणि सांगण्यासारखं माणूस घरात उरलेलं नाही.

आता अण्णा. हा शब्द दिसला की तू पत्र खाली ठेवशील हे मला माहीत आहे. ठेवू नकोस.

अण्णांना आठवत नाही. सुरुवात साधीच झाली, चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, अशी. मग दुकानातून घरी येताना रस्ता चुकायला लागले. मग एक दिवस मला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? दुकान बंद करून बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात हे उतरणीला लागलेलं आहे, थांबवायला औषध नाही, फक्त सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे काय ते डॉक्टर सांगत नाहीत. सांभाळायचं म्हणजे आंघोळ घालताना त्यांनी मला ढकलायचं, मी पडायचं, आणि उठून पुन्हा पाणी घ्यायचं. मी जेवण वाढायचं आणि त्यांनी विचारायचं, तुमच्या मालकीणबाई कुठे गेल्या? आणि दार उघडं दिसलं की चालू लागायचं.

घरात कोंडून का ठेवत नाहीस, असं सगळे विचारतात. ज्या माणसाने जन्मभर कुलपं दुरुस्त केली त्याला कोंडणार कशाने? माझं नाव विसरले, आईचा चेहरा विसरले, पण बोटं काही विसरली नाहीत. मी बाजारातलं सगळ्यात दणकट कुलूप आणलं. अण्णांनी माझी केसाची पिन घेतली, मान तिरकी करून ऐकलं, आणि ते उघडून माझ्या हातात देऊन म्हणाले, माल हलका आहे, परत कर. शेजारच्या काकू बिचाऱ्या काही दिवस बसल्या त्यांच्याजवळ. एकदा काकू न्हाणीघरात असताना अण्णांनी बाहेरून कडी घातली आणि फिरायला गेले. काकूंनी त्यानंतर हात जोडले. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एक जागा आहे, तिथे नेऊन सोडलं. दुपारी तिथून निरोप, ताबडतोब या. गेले तर सगळे म्हातारे-म्हाताऱ्या फाटकाबाहेर रस्त्यावर फिरताहेत, काही जण सहलीला निघाल्यासारखे खुशीत, आणि अण्णा फाटकाचं कुलूप रुमालाने पुसत बसलेले. तिथली बाई मला म्हणाली, तुमचे वडील आम्हाला परवडणार नाहीत. मी हसले. घरी येऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

मग मी त्यांना कॉलेजात न्यायला लागले. दुसरा मार्गच नव्हता. वर्ग चालू असेपर्यंत ते तिथल्या ग्रंथालयात खिडकीपाशी खुर्चीवर बसायचे. दारावरचे मामा लक्ष ठेवायचे, पण त्यांना शंभर कामं. दोनदा अण्णा त्यांच्या नजरेतून निसटले. तेव्हा मला एक युक्ती सुचली. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक टॅग चिकटवलेला असतो, पातळ चौकोनी कागद, त्यात बारीक तार. पुस्तक रीतसर नावावर न घालता कुणी बाहेर नेऊ लागलं की दारातले दोन खांब किंचाळतात. रीतसर दिलं की यंत्र त्या टॅगला गप्प करतं. आम्हाला सरावासाठी कोरे टॅग मिळतात. त्यातला एक मी चालू केला आणि अण्णांच्या कोटाच्या आतल्या खिशात टाका घालून बसवला. अण्णा दाराकडे गेले की खांब ओरडणार, मामा उठणार आणि त्यांना हाताला धरून परत आणणार. पहिल्या दिवशी ते वाजलं तेव्हा अण्णांनी वर बघून विचारलं, चोर सापडला का? सगळं ग्रंथालय हसलं. पोरांनी तर त्यांची नोंदच करून टाकली. शीर्षक अण्णा, आवृत्ती एकमेव, बांधणी खिळखिळी, संदर्भासाठी राखीव, घरी नेता येणार नाही. पूर्णविराम सरांनी ती पाहिली. मला वाटलं आता सगळ्यांची हजेरी घेणार. त्यांनी फक्त एक टिंब दुरुस्त केलं.

ते दिवस बरे गेले. मी शांतपणे वर्गात बसायचे, कान खांबांकडे. माझ्या आयुष्यात इतकं निश्चिंत मला फार थोड्या वेळा वाटलं आहे.

मग शेवटची परीक्षा आली. आधी प्रात्यक्षिक आणि लगेच त्याच दिवशी तोंडी. बाहेरून एक परीक्षकबाई आल्या होत्या, नाकावर चष्मा, चेहऱ्यावर काही नाही. मला आलेलं काम सोपं होतं. शाखा वाचनालयाला पाठवायच्या पुस्तकांचा गठ्ठा तयार करायचा आणि त्यातले सगळे टॅग एकदम गप्प करायचे, म्हणजे गठ्ठा बाहेर नेताना दार ओरडणार नाही. यंत्राला एकेक पुस्तक दाखवावं लागत नाही, त्याच्या अगदी जवळ जेवढे टॅग असतील ते सगळे ते एका दमात वाचतं. मी गठ्ठा लावत होते तेवढ्यात अण्णा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. टेबलावर ओणवे झाले, यंत्राला हात लावला आणि विचारलं, याला किल्ली कुठून लागते? परीक्षकबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून हळूच म्हटलं, अण्णा, बसा हं, झालंच माझं. ते तिथेच उभे राहिले.

पडद्यावर आकडा आला तो गठ्ठ्यापेक्षा एकाने जास्त. मी पुस्तकं पुन्हा मोजली. तरी एक जास्तच. आता हे आमच्या कामात नेहमीचं आहे. टॅग खराब झाला की वरून नवा लावतात आणि जुना काढायचा राहून जातो, मग एकच पुस्तक यंत्राला दोनदा दिसतं. मी परीक्षकबाईंना तसंच सांगितलं, एखाद्या पुस्तकाला दोन टॅग असतील. त्या पहिल्यांदाच हसल्या, म्हणाल्या, छान, हे पुस्तकात वाचून येत नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्याच आनंदात मी बटण दाबलं.

तोंडी परीक्षा आतल्या काचेच्या खोलीत होती. मी अण्णांना खुर्चीवर बसवलं, मामांना खूण केली आणि आत गेले. उत्तरं येत होती. रोजच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवाल, असं काहीतरी विचारलं होतं, आणि मी सांगता सांगता काचेतून पाहिलं तर खुर्ची रिकामी. मला तरीही धीर होता, कारण दार वाजलं नव्हतं. मी वाक्य पूर्ण केलं. पुढच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. मग राहवेना, उठून बाहेर आले. मामा स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, वाजलं नाही हो, वाजलं असतं तर मी सोडलं असतं का? मी त्या दोन खांबांच्या मधे उभी राहिले आणि माझ्या ध्यानात आलं. ते जास्तीचं पुस्तक म्हणजे अण्णा होते. मीच त्यांना गप्प केलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकी घेतली होती.

मी परीक्षा तशीच टाकून पळाले. चपला हातात घेऊन. कुठल्या कुठल्या रस्त्यांनी गेले ते मला सांगता येणार नाही. बसथांबा, बाजार, आपलं बंद दुकान, नदीवरचा पूल, दवाखाना. दिसेल त्याला विचारत होते, उंच म्हातारा, काळा कोट, पाहिलात का. पुलावर थांबून मी खाली पाण्यात पाहिलं, हेही लिहून टाकते. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा एका शाळेच्या फाटकाशी सापडले. आपली शाळा नव्हे, कुठलीतरी, त्यांना वाटेत लागली ती. शाळा सुटून केव्हाच गेली होती. तिथल्या रखवालदाराने त्यांना बाकड्यावर बसवून चहा पाजला होता, आणि अण्णांनी त्याच्याकडे तेल मागून फाटकाचं अडकणारं कुलूप मोकळं करून दिलं होतं. रखवालदार म्हणाला, आजोबा सांगतात नातवाला न्यायला आलोय, पण नाव विचारलं तर 'छोट्या' एवढंच सांगतात. नातू नव्हे, मी मनात म्हटलं.

ते तुला शाळेतून घरी न्यायला आले होते. माझ्यावर चिडले, पोरगं अजून बाहेर आलं नाही आणि तू कसली घाई करतेस म्हणाले. उठायलाच तयार नव्हते. शेवटी मी खोटं सांगितलं, की छोट्या मघाशीच घरी गेला. मग आले. घरी येऊन त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं. आणि हे त्या दिवसापुरतं नाही. आधी ते कुठे निघतात ते मला कळत नव्हतं, आता कळलं. दर वेळी तुलाच आणायला निघतात.

तू म्हणशील, ज्याने घराचं कुलूप बदललं तो माणूस आता मला आणायला निघतो होय. मी काही विसरलेले नाही. तुझ्या तेव्हाच्या एका दोस्ताने स्वतःची खोली आहे, किल्ली हरवली असं सांगितलं आणि तू उघडून दिलीस. मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा अण्णांचा नियम तू मोडलास हे खरं, आणि ती खोली दुसऱ्याची निघेल हे तुला ठाऊक नव्हतं हेही खरं. पोलीस दुकानात येऊन गेले, आणि त्याच दिवशी अण्णांनी घरचं कुलूप बदललं. मी कामावरून आले तोवर तू तुझी किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेला होतास. त्यावर अण्णा कधी बोलले नाहीत. चुकलं असंही म्हणाले नाहीत, बरोबर केलं असंही नाही. आणि आता विचारायची सोय राहिली नाही. ते भांडण त्यांच्या डोक्यातून पुसून गेलं आहे. सध्या ते एकट्या तुझ्याकडे आहे, आणि थोडंफार माझ्याकडे.

पूर्णविराम सरांनी माझ्यासाठी विद्यापीठात खेटे घातले. असा तिरसट माणूस, पण हट्टाला पेटला. तोंडी परीक्षा पुन्हा एकदा, एकदाच घेणार आहेत, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. अट एकच, वडिलांना आवारात आणायचं नाही. अट चूक नाही. काही भलतंसलतं झालं असतं तर कोण निस्तरणार होतं? मी आजूबाजूला सगळ्यांना विचारून पाहिलं. काकू नजर चुकवतात. नर्सबाई मिळाली, ती अण्णांनी औषधाच्या कपाटाचं कुलूप उघडलेलं पाहून दुसऱ्याच दिवसापासून आली नाही. वर्गातली पोरं बसली असती, पण परीक्षा संपल्याबरोबर सगळी आपापल्या गावी गेली. मी सकाळी पुस्तक उघडते आणि त्याच त्या ओळीवर डोळे फिरवत राहते. पदवी नाही म्हणजे नोकरी नाही. आणि नोकरी गेली की मग मी आणि अण्णा, दिवसभर, समोरासमोर, त्यांचं किंवा माझं संपेपर्यंत. याची मला भीती वाटते.

पण खरी भीती ही नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही. त्या दिवशी मी पुलावर उभी होते तेव्हा माझ्या मनात आलं, अण्णा सापडले नाहीत तर मी अजून परत जाऊन तोंडी देऊ शकेन. वेळ आहे. असं स्पष्ट, शब्दांत आलं. मी त्यांना शोधत होते आणि त्याच वेळी हिशेब करत होते. सापडल्यावर मला आधी काय वाटलं ते मी लिहीत नाही, तू समजून घे. छोट्या, मी वाईट बाई नाही. पण मी एकटीने फार दिवस हे ओढलं आहे, आणि आता माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. म्हणून तू त्या सोमवारी ये. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. मुलगा म्हणूनही येऊ नकोस, तुला पाहून ते ओळखणार नाहीतच. मी सांगेन, दुकानात नवीन कारागीर ठेवलाय, आणि त्यांना ते पटेल. फक्त माझी परीक्षा होईपर्यंत त्यांच्याजवळ बस. मधेच ते उठतील, कोट चढवतील आणि तुला म्हणतील, चला, आमच्या धाकट्याला शाळेतून आणायचंय. त्यांना अडवू नकोस. त्यांच्याबरोबर जा, आणि तो बाहेर येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहा.

उत्तर आलं नाही तरी तुझीच,
ताई